फटीची रुंदी आणि चिन्हाचा प्रश्न : उच्चतापमान अतिसंवाहकांतील टनेलिंगच्या पुराव्याची समीक्षा

प्रास्ताविक

विज्ञानातील शोधनिबंध हाही एक मजकूर असतो. त्यात एक विधान असते, त्या विधानामागे पुरावा असतो, आणि पुराव्यापासून विधानापर्यंत वाचकाला नेणारी भाषा असते. भाषेच्या अभ्यासकाला प्रयोगशाळेतील उपकरणे हाताळता येत नसतील. परंतु पुराव्याने जेवढे दिले तेवढेच लेखकाने घेतले की त्याहून अधिक, हे तपासणे त्याच्या कक्षेबाहेरचे नाही. इब्न अल-हैसम याने अकराव्या शतकात ‘अश्-शुकूक अला बतलीमूस’ या ग्रंथात बतलीमूससारख्या सर्वमान्य आचार्याच्या लेखनातील विसंगती दाखवून दिल्या, त्या याच वृत्तीने. उर्दूत शिबली नुमानी यांनी ‘सीरतुन्नबी’च्या प्रस्तावनेत रिवायत आणि दिरायत यांचा विचार मांडला. वृत्तांत कोणाकडून आला हे पाहणे ही रिवायत. तो वृत्तांत स्वतःच्या बळावर कितपत टिकतो हे पाहणे ही दिरायत. उच्चतापमान अतिसंवाहकांच्या संशोधनातील एका प्रदीर्घ वादाकडे या दुसऱ्या कसोटीने पाहिले असता बरेच काही हाती लागते.

हा वाद थोडक्यात असा. १९८६ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्त्स आणि म्यूलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये सुमारे ३० केल्विन तापमानाला अतिसंवाहकता आढळली. १९८७ साली यिट्रियम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडने ९३ केल्विनपर्यंत मजल मारली. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. त्यामुळे द्रवरूप हेलियमच्या खर्चिक थंडीची गरज संपली. या पदार्थांत विजेचा रोध नाहीसा होतो हे निर्विवाद होते. परंतु इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशा बांधल्या जातात, आणि त्या जोडणीला दिशेनुसार कोणते रूप असते, या प्रश्नावर पुढची कित्येक वर्षे परस्परविरोधी निबंध प्रसिद्ध होत राहिले. विरोधी निष्कर्ष काढणारे दोन्ही पक्ष इलेक्ट्रॉनांच्या टनेलिंगचाच दाखला देत होते. साक्षीदार एकच असताना निकाल दोन कसे लागले, हा येथील विचाराचा विषय आहे.

‘बोगदा’ आणि ‘सुरुंग’

टनेलिंग म्हणजे इलेक्ट्रॉनाने विद्युत्‌निरोधक थर पार करणे. नेहमीच्या नियमांनुसार तेवढी ऊर्जा नसलेल्या इलेक्ट्रॉनाला हा थर ओलांडता येऊ नये. पण इलेक्ट्रॉनाला तरंगाचेही रूप असल्यामुळे थर पुरेसा पातळ असेल तर तो पलीकडे आढळण्याची काही शक्यता उरते. मराठीत यासाठी ‘बोगदा’ हा शब्द सुचतो आणि उर्दूत ‘सुरंग’. दोन्ही शब्द दिशाभूल करतात. बोगदा म्हटले की डोंगराला पाडलेले भोक डोळ्यांसमोर येते. उर्दूतील ‘सुरंग’ मराठीत ‘सुरुंग’ होऊन आला की तो खडक फोडणाऱ्या दारूचा अर्थ घेतो. प्रत्यक्षात येथे काही फुटत नाही आणि भोकही पडत नाही.

हा केवळ कोशकाराचा कीस नव्हे. १९६० साली आयव्हर गिएव्हर यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियम आणि शिसे यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर ठेवून प्रयोग केला. शिसे अतिसंवाहक झाले की कमी दाबाला वीजप्रवाह जवळजवळ थांबतो आणि ठरावीक दाबानंतर झपाट्याने वाढतो, हे त्यांनी दाखवले. या प्रयोगाला सर्वांत मोठा धोका थरात राहून जाणाऱ्या सूक्ष्म भोकांचा होता. भोकातून प्रवाह गेला तर ते टनेलिंग नव्हे, तो साधा शॉर्टसर्किट. म्हणजे ज्या भोकाची कल्पना ‘बोगदा’ हा शब्द वाचकाच्या मनात उभी करतो, त्याचा अभाव सिद्ध करणे हीच प्रयोगकर्त्याची पहिली जबाबदारी होती. गिएव्हर यांच्या निबंधाचे बळ येथे आहे. कमी दाबाला प्रवाह थांबतो, हीच थर अखंड असल्याची साक्ष. शोध आणि त्याची तपासणी एकाच आलेखात सामावलेली आहेत.

‘अंतर’ हा शब्द काय लपवतो

गिएव्हर यांच्या आलेखात प्रवाह ज्या टप्प्यापर्यंत थांबतो त्यावरून अतिसंवाहकातील ऊर्जा-अंतर, ज्याला इंग्रजीत ‘गॅप’ म्हणतात, ते मोजता येते. जोडी मोडायला किमान किती ऊर्जा लागते ते हे अंतर सांगते. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ साली मांडलेल्या सिद्धान्ताने त्याचे भाकीत केले होते. शिशाचे अंतर सुमारे १.४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. १९६५ साली मॅकमिलन आणि रॉवेल यांनी शिशाच्या टनेलिंग-आलेखातील बारीक चढउतारांवरून स्फटिकाच्या कंपनांचा तपशील वाचून दाखवला, आणि जोड्या बांधणारा दुवा ही कंपनेच आहेत या मताला भक्कम आधार मिळाला. टनेलिंगच्या साक्षीवर पुढे जो गाढ विश्वास बसला त्याचे मूळ या यशात आहे.

तोच विश्वास नव्या पदार्थांवर जसाच्या तसा लादला गेला. येथे दोन अडचणी होत्या. पहिली व्यवहाराची. जोडीचा विस्तार ज्या लांबीने मोजतात ती लांबी शिशात सुमारे ८० नॅनोमीटर असते. तांब्याच्या ऑक्साइडांत ती थरांच्या प्रतलात दोनएक नॅनोमीटर, तर थरांच्या आडव्या दिशेने त्याहूनही पुष्कळ कमी. म्हणजे टनेलिंग पदार्थाचा अगदी वरचा पापुद्राच चाचपते, आणि ऑक्सिजन निघून गेल्याने नेमका तोच पापुद्रा बिघडलेला असण्याचा संभव असतो. सुरुवातीच्या वर्षांतील आलेख एकमेकांशी जुळत नव्हते याचे बरेचसे कारण हेच होय.

दुसरी अडचण अर्थाची आहे आणि ती अधिक खोल आहे. जुन्या अतिसंवाहकात अंतर जवळजवळ सर्व दिशांना सारखे असते. त्या रूपाला ‘एस’ तरंग म्हणतात. तांब्याच्या ऑक्साइडांसाठी अनेक सिद्धान्तकारांनी ‘डी’ तरंग सुचवला. त्यात तांबे-ऑक्सिजनच्या चौकोनी जाळीच्या चार बाजूंना अंतर मोठे असते, कर्णांच्या दिशेने शून्य होते, आणि मुख्य म्हणजे ९० अंशांनी वळल्यावर त्याचे चिन्ह उलटते : धन, ऋण, धन, ऋण. एखाद्या चौकोनी अंगणाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना मातीचे ढिगारे असावेत आणि उरलेल्या दोन बाजूंना तेवढेच खोल खड्डे असावेत, तसे हे आहे. मोजणाऱ्याने वहीत नुसता आकडा लिहिला तर चारही बाजू सारख्याच भरतील. साधे टनेलिंग असा नुसता आकडा देते.

आता ‘गॅप सिमेट्री’ हा शब्दप्रयोग पाहावा. मराठीत त्याचे ‘अंतराची सममिती’ होते. अंतर म्हणजे दोन बिंदूंमधले माप. ते ऋण नसते. सममितीच्या पोटात ‘मिती’ आहे, म्हणजे पुन्हा माप. उर्दूत काही लेखक ‘तशाकुल’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘शक्ल’ आहे, म्हणजे आकार. तिन्ही शब्दांतून माप आणि आकार व्यक्त होतात. चिन्ह मात्र निसटते. ‘डी’ तरंगातून चिन्ह काढून टाकले तर उरलेली आकृती ९० अंशांनी वळवल्यावर जशीच्या तशी राहते. मग तिच्यात आणि काही दिशांना अंतर फारच लहान असलेल्या, पण चिन्ह न बदलणाऱ्या ‘एस’ तरंगात भेद करणे अतिशय कठीण होते. ज्या गोष्टीवर संपूर्ण वाद अवलंबून होता तीच या शब्दप्रयोगात दिसत नव्हती. हा दोष भाषांतरात उपजलेला नाही. तो मूळ इंग्रजी निबंधांच्या भाषेत होता, भाषांतराने तो उघडा पडला एवढेच.

विद्यार्थी आणि आचार्य

चिन्ह ओळखण्याचा मार्ग मात्र या पदार्थांच्या शोधाच्या कितीतरी आधी सापडलेला होता. १९६२ साली केंब्रिजमधील ब्रायन जोसेफसन या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने भाकीत केले की पातळ थरातून एकेकटे इलेक्ट्रॉनच नव्हे तर जोड्यासुद्धा पार होतील, आणि तो प्रवाह दोन्ही बाजूंच्या तरंगांच्या कलांतरावर, म्हणजे त्यांच्या चढउतारांतील मागेपुढेपणावर, अवलंबून असेल. अतिसंवाहकतेच्या सिद्धान्ताचे एक जनक जॉन बार्डीन यांनी याला छापील विरोध केला आणि त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत तो समोरासमोरही मांडला. १९६३ साली अँडरसन आणि रॉवेल यांच्या प्रयोगाने जोसेफसन यांचे म्हणणे खरे ठरवले. १९७३ सालच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग त्यांना मिळाला. उरलेला अर्धा गिएव्हर आणि एसाकी यांच्यात विभागला गेला.

ही हकीकत बहुधा तरुणाने वडीलधाऱ्यांवर मिळवलेल्या विजयाची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला अधिक उपयोगी भाग वेगळा आहे. गिएव्हर यांचे टनेलिंग आणि जोसेफसन यांचे टनेलिंग या दोन निराळ्या साक्षी आहेत. पहिली ऊर्जेचे मान सांगते; दुसरी कला सांगते, आणि कलेतूनच चिन्ह कळते. एकाच नावाखाली दोन्हींचा उल्लेख होत राहिला आणि वादातील बराच गोंधळ तेथून आला.

१९९३ आणि १९९४ : परस्परविरोधी निबंध

१९९३ साली इलिनॉय विद्यापीठात वोलमन, व्हॅन हार्लिंगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यिट्रियमच्या स्फटिकाच्या एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन कडांना शिशाची जोडणी केली. दोन कडांवर चिन्ह उलटे असेल तर कलांतरात अर्ध्या आवर्तनाचा फरक पडला पाहिजे. तसा तो पडला. सहकाऱ्यांत सैद्धान्तिक बाजू सांभाळणारे लेगेट होते. आक्षेप निघाला तो कोपऱ्याचा : स्फटिकाच्या कोपऱ्यात अडकलेले चुंबकी क्षेत्रही असाच भास निर्माण करू शकेल. लेखकांनी एकाच कडेवरच्या दोन जोडण्या तुलनेसाठी ठेवल्या होत्या, हे या निबंधाचे बळ. पण कोपरा नसलेली ती तुलना कोपऱ्याविषयीच्या शंकेला पूर्ण उत्तर देऊ शकत नव्हती, ही त्याची मर्यादा.

१९९४ साली आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रातील प्रवीण चौधरी यांनी शॉन-यू लिन यांच्यासह उलट निष्कर्ष काढला. त्यांनी पातळ पटलात षट्कोनी सीमा तयार केली. ‘डी’ तरंग असता सीमेच्या वेगवेगळ्या बाजूंचे प्रवाह एकमेकांना छेद देतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांची बेरीज होताना दिसली, म्हणून तरंग ‘एस’ असावा असे म्हटले गेले. त्याच वर्षी डाइन्स यांच्या गटाने शिसे आणि यिट्रियमचे ऑक्साइड यांच्यात, थरांच्या आडव्या दिशेने, जोड्यांचा प्रवाह मोजून दाखवला. शुद्ध ‘डी’ तरंगात धन आणि ऋण भाग एकमेकांना खोडतात. त्यामुळे पहिल्या क्रमाचा असा प्रवाह शून्य असायला हवा होता.

या दोन्ही निबंधांतील मोजमाप चुकीचे नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. षट्कोनाच्या बाबतीत पुढे असे दाखवण्यात आले की आकृती पुरेशी मोठी असेल तर कोपऱ्यांत अर्धे भोवरे तयार होऊन अपेक्षित छेद झाकला जातो. डाइन्स गटाच्या प्रवाहाचा उलगडा स्फटिकाच्या घडणीत होता. यिट्रियमच्या पदार्थाची जाळी पूर्ण चौकोनी नसते, एक बाजू किंचित लांब असते. त्यामुळे ‘डी’बरोबर थोडा ‘एस’ मिसळण्यास मुभा मिळते. १९९७ साली त्याच परंपरेतील प्रयोगाने दाखवले की जुळ्या स्फटिकांच्या सीमेपलीकडे गेल्यावर या ‘एस’ भागाचे चिन्ह उलटते. म्हणजे मुख्य भाग ‘डी’चाच. विरोधी पुरावा मोडीत निघाला नाही; त्याला आपली योग्य जागा मिळाली.

तीन स्फटिक, एक कडे

आयबीएमच्या त्याच केंद्रात, त्याच १९९४ साली, त्सुई आणि कर्टली यांच्या गटाने या वादातील सर्वांत प्रभावी निबंध प्रसिद्ध केला. तीन वेगवेगळ्या दिशांना वळवलेले स्फटिक एका बिंदूत मिळतील असा पाया त्यांनी घेतला आणि त्यावरच्या पटलात सुमारे ५० मायक्रोमीटर व्यासाची चार कडी कोरली. एक कडे तिन्ही स्फटिकांच्या भेटीच्या बिंदूभोवती होते. दोन कडी दोन जोडण्यांची होती. चौथ्यात जोडणीच नव्हती. कोन असे निवडले होते की तरंग ‘डी’ असेल तर फक्त मधल्या कड्यात चिन्हांचा मेळ बसू नये. मेळ बसत नसेल तर ते कडे आपणहून प्रवाह सुरू करते आणि त्यात चुंबकी अभिवाहाच्या एककाचा बरोबर अर्धा भाग साठतो. हे एकक २.०७ गुणिले दहाचा उणे पंधरावा घात वेबर इतके आहे. मधल्या कड्यात अर्धे एकक मिळाले. उरलेल्या तिघांत मिळाले नाही.

या प्रयोगाची महत्ता अर्ध्या एककापेक्षा त्या तीन साक्षीदार कड्यांत आहे. कोपऱ्याचा दोष, अडकलेले क्षेत्र, पटलाची खराबी यांपैकी कोणतेही कारण असते तर ते शेजारच्या कड्यांतही दिसले असते. तेच पटल, तोच दिवस, तीच थंडी; बदल फक्त भूमितीत. दिरायतीची कसोटी येथे प्रयोगाच्या रचनेतच बसवलेली आहे. १९९८ सालचा बक्ली पुरस्कार त्सुई, कर्टली, व्हॅन हार्लिंगन आणि गिन्सबर्ग यांना मिळून देण्यात आला, हे योग्यच झाले.

२००० साली त्सुई आणि कर्टली यांनी ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मध्ये या विषयाचा सविस्तर आढावा लिहिला. त्याच्या शीर्षकात ‘गॅप’ नसून जोडीच्या सममितीचा उल्लेख आहे, ही निवड अचूक आहे. कला न पाहणाऱ्या पद्धती एकीकडे आणि कला पाहणाऱ्या दुसरीकडे, ही त्यांची मांडणीही संपूर्ण वादाला शिस्त लावते. मात्र वादातील एका पक्षाने स्वतःच निकालपत्र लिहावे तशी या आढाव्याची स्थिती आहे. त्यात तीन स्फटिकांच्या प्रयोगाला मोठे स्थान मिळणे स्वाभाविक आहे. पण कला न पाहणाऱ्या पुराव्याला त्यामुळे दुय्यमपणा येतो आणि तो पुरता न्याय्य नाही. १९९३ साली ब्रिटिश कोलंबियात हार्डी यांच्या गटाने चुंबकी क्षेत्र पदार्थात किती खोल शिरते हे मोजून, काही दिशांना अंतर शून्य होते याची जी खूण दाखवली, तिच्यावाचून चिन्हाचा प्रश्न एवढ्या निकडीने पुढे आला नसता.

साध्या टनेलिंगलाही चिन्हाची अजिबात खबर नसते असे नाही. १९९४ साली हू यांनी दाखवले की स्फटिक कर्णाच्या दिशेने कापला तर पृष्ठभागावर आदळून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनाला चिन्हबदल जाणवतो आणि आलेखात बरोबर शून्य दाबाला एक शिखर उभे राहते. असे शिखर आधीही दिसले होते. त्याचा संबंध चुंबकी अशुद्धींशी लावला जात होता. पुरावा समोर होता, त्याला वाचक उशिरा मिळाला.

वाद संपला का?

बहुसंख्य संशोधकांच्या दृष्टीने मुख्य निकाल लागला आहे. तरी म्यूलर यांनी १९९५ साली ‘एस’ आणि ‘डी’ एकत्र नांदत असावेत असे मांडले आणि पुढेही ते मत सोडले नाही. बिस्मथच्या ऑक्साइडाचे दोन तुकडे एकमेकांवर कोन करून ठेवण्याचा प्रयोग १९९९ साली झाला. प्रवाह कोनाबरोबर बदलला नाही, आणि हा निष्कर्ष ‘डी’च्या विरोधात गेला. २०२१ साली चीनमधील एका गटाला अतिशय पातळ तुकड्यांत ४५ अंशांनाही प्रवाह आढळला. उलट २०२३ साली हार्वर्डमधील गटाने तशाच रचनेत कोनाबरोबर प्रवाह झपाट्याने घटत असल्याचे प्रसिद्ध केले. दोन तुकड्यांमधली सांधणी किती स्वच्छ, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. गिएव्हर यांच्या थरातील भोकांची शंका येथे साठ वर्षांनी नव्या रूपात परतली आहे.

परिभाषेचा प्रश्न

१९१७ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या दारुत्तर्जुमाने विज्ञानाची पाठ्यपुस्तके उर्दूत आणली. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने मराठीत परिभाषा कोश काढले. दोन्हीकडे चर्चा बहुतेक शब्दाच्या कुळाची झाली : अरबी की देशी, संस्कृत की बोलीतला. वरील वाद पाहता कुळापेक्षा शब्दाचे काम महत्त्वाचे ठरते. मोजलेल्या आकड्यासाठी मराठीत ‘अंतराचे मान’ आणि उर्दूत ‘मिक़दार’ पुरे आहे. जेथे चिन्ह अभिप्रेत आहे तेथे ‘सचिन्ह सममिती’ किंवा ‘अलामती तशाकुल’ असे काही स्पष्ट लिहिले पाहिजे. टनेलिंग हा शब्द तसाच ठेवणे बरे. बोगद्याने आणि सुरुंगाने नुकसानच होते. एका ठिकाणी मराठी इंग्रजीहून सरस आहे. इंग्रजी ‘फेज’ पदार्थाच्या अवस्थेलाही लागतो आणि तरंगाच्या चढउतारालाही. मराठीत पहिल्याला ‘प्रावस्था’ आणि दुसऱ्याला ‘कला’ असे दोन शब्द आहेत. ‘कलांतर’ छापताना ‘कालांतर’ होऊ नये एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल.

निष्कर्ष

टनेलिंगची साक्ष कधी खोटी नव्हती. तिला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या नावावर लिहिले गेले तेव्हा वाद वाढला. आणि त्सुई-कर्टली यांच्यासारख्यांनी नेमका प्रश्न विचारला तेव्हा तो बराचसा मिटला. बी.एस्सी.च्या वर्गात मराठीतून किंवा उर्दूतून हा विषय समजून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती इंग्रजी निबंधाच्या आधी शब्द पडतो. तो शब्द चिन्ह गाळणारा असेल, तर ढिगारा आणि खड्डा यांतला फरक त्याच्या वहीत कधीच उतरणार नाही.